पाल्याचा धूर

‘डास’ हा शब्द संस्कृत ‘दंश’पासून आला. म्हणजे या जिवाला आपण त्याच्या कृत्यावरूनच नाव दिले. त्याच्यापासून लपण्याच्या जाळीला मात्र हिंदीतला मच्छर उसना आणून मच्छरदाणी म्हटले! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. यंदा हसली नाहीत. वर्गातल्या दोघीजणी डेंग्यूने अंथरुणावर होत्या.

आमच्या आळीने यावर एकमताने योजलेला उपाय म्हणजे कडुलिंब. दिवेलागणीला घमेल्यात गोवऱ्या पेटवायच्या, वर ओला पाला आणि मूठभर निर्गुडी. धूर असा उठतो की डास आणि पाहुणे एकदमच निघतात.

कडुलिंबाचा अभिमान मलाही आहे, वाचकहो. त्याच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या पद्धतीवर १९९४ साली युरोपात अमेरिकेच्या कृषिखात्याला आणि तिथल्याच एका कंपनीला पेटंट मिळाले. ही विद्या भारतात आधीपासून आहे, या आक्षेपावरून ते २००० साली रद्द झाले, २००५ साली अपीलही फेटाळले गेले. पाल्याचा अर्क प्रयोगशाळेतल्या बशीत काही जंतूंची वाढ रोखतो, हेही खरे. पण बशी म्हणजे देह नव्हे. कडुलिंबाचे तेल पाजल्याने तान्ह्या मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. जुने ते सारे निरुपद्रवी, असे कोणी सांगितले?

आणि डेंग्यूचा डास, शास्त्रज्ञांचा एडिस, दिवसा चावतो. (चावते म्हणायला हवे, रक्त फक्त मादीच पिते.) सकाळी आणि सूर्य कलल्यावर तिचा जोर. आमचा धूर निघतो तो तिची कचेरी सुटता सुटता! शिवाय धुराने डास मरत नाहीत, शेजारी जातात. वास विरला की परत येतात. दम्याच्या माणसाला मात्र घर सोडून कुठे जाता येत नाही.

एडिसचे बाळंतपण साठलेल्या स्वच्छ पाण्यात. करवंटी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, काहीही चालते. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, आणि पाणी मिळाले की आठदहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे नुसते ओतून भागत नाही, घासावे लागते.

आमच्या आळीत पाल्यासाठी वर्गणी तासाभरात जमली. गच्चीवरच्या उघड्या टाकीला झाकण आणण्याचा विषय काढला, तेव्हा सभा तहकूब झाली. ती पुढच्या रविवारी आहे.