पावती तिजोरीची, प्रश्न कुलपाचा

6 जानेवारी 2023 रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, न्यूपोर्ट न्यूज शहराच्या एका प्राथमिक शाळेत सहा वर्षांच्या मुलाने भर वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली. शिक्षिका वाचल्या. पिस्तूल मुलाच्या आईचे होते आणि ते तो घरातून घेऊन आला होता. बंदूक सुरक्षित ठेवलेली होती, असे कुटुंबाचे म्हणणे पडले. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने एक करसवलत मंजूर केली. बंदूक ठेवण्यासाठी तिजोरी, लॉकबॉक्स किंवा तत्सम साधन परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यावे आणि भरायच्या आयकरातून 300 डॉलरपर्यंतची रक्कम थेट वजा करून घ्यावी. रिपब्लिकन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी त्यावर सही केली. बंदुकीच्या प्रश्नावर एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही पक्ष इथे एकत्र आले.

या एकमताचीच थोडी भीती वाटते. ज्या उपायाने कोणाचीच झोप उडत नाही, तो दुखण्याच्या मुळाशी पोचला आहे का, हे तपासायला हवे.

हिशेब साधा आहे. या सवलतीसाठी वर्षाला एकूण 50 लाख डॉलरची मर्यादा आहे. प्रत्येकाने पूर्ण 300 डॉलर घेतले, तर साधारण 16 हजार 600 लोकांत पैसे संपतात. राज्याची लोकसंख्या 85 लाखांहून जास्त. शिवाय ही सूट देय करापुरतीच मिळते, वरची रक्कम सरकार हातात देत नाही. ज्याला करच लागत नाही, त्याच्या पदरात शून्य. आधी खिशातून पैसे घालायचे, पावती जपायची, अर्ज करायचा आणि मग वाट पाहायची. एवढे सोपस्कार करणारा माणूस बहुधा मुळातच काळजी घेणारा असतो. सवलत नसती तरी त्याने तिजोरी घेतलीच असती.

त्याहून अवघड गोष्ट घराच्या आतली आहे. अनेक अमेरिकन घरांत शिकारीच्या रायफली तळघरातल्या जड तिजोरीत असतात आणि पिस्तूल मात्र उशाशी, खणात किंवा पर्समध्ये. रात्री चोर शिरला तर कुलूप उघडत बसायला वेळ कुठे, हा त्यामागचा विचार. मुलाच्या हाती लागते ते नेमके हेच शस्त्र. करखात्याला पावती दिसते, खण दिसत नाही. रोज रात्री कुलूप लागते का, हे कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही. तिजोरीवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेत बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या सुमारे 61 हजार बंदूक-तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या. मालकाचा ठसा नोंदवलेला नसेल, तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत. त्यातल्या एकीशी बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला होता.

आणि मरतात कोण? 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. आत्महत्येचा प्रयत्न बंदुकीने झाला, तर दहांतले जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत. घरातला उदास सोळा वर्षांचा मुलगा कुलपामुळे वाचू शकतो. टोकाच्या विचाराची ती लाट पुष्कळदा ओसरते, मधे वेळ गेला पाहिजे इतकेच. पण किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याचे काय? मोठ्या वयाच्या पुरुषांत या आत्महत्या खूप आहेत आणि तिजोरी त्यांचीच असते. त्यांच्यासाठी किल्ली दुसऱ्याकडे देणे किंवा वाईट दिवसांत शस्त्र घराबाहेर ठेवणे, हा मार्ग आहे. कोलोरॅडोमध्ये शस्त्रे तात्पुरती सांभाळायला तयार असलेल्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशाच तयार केलेला आहे. व्हर्जिनियाची सवलत मात्र खरेदीपुरतीच आहे.

सक्ती का नाही, याला घटनेचे उत्तर दिले जाते. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन डी.सी.चा घरात बंदूक सुटी करून किंवा कुलूपबंद ठेवण्याचा नियम रद्द केला, हे खरे. पण त्यानंतरही मॅसॅच्युसेट्सने आपला साठवणुकीचा कायदा टिकवला आणि ओरेगॉनने 2021 मध्ये नवा केला. म्हणजे अडचण घटनेपेक्षा मतपेटीची जास्त आहे. व्हर्जिनियात भरलेली बंदूक बेफिकिरीने टाकून चौदा वर्षांखालच्या मुलाचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहेच, पण तो सिद्ध होतो बहुधा अनर्थ घडल्यावर. अल्पवयीन मुले असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक करणारे विधेयक 2024 मध्ये गव्हर्नरच्या टेबलावर आले, तेव्हा यंगकिन यांनी ते नाकारले. आमिष मान्य, अट अमान्य. करसवलत अशी राजकीय सोय बनली की तिचा उपयोग उलटा होतो, कारण ‘आम्ही काहीतरी केले’ हे म्हणण्याची मुभा मिळते.

व्हर्जिनियातल्या ॲशबर्न आणि आसपासच्या लाउडन काउंटीत आपली मराठी कुटुंबे आहेत. आपल्या घरी बंदूक नाही, एवढ्यावर ती निर्धास्त राहू शकत नाहीत. मुले मित्रांच्या घरी खेळायला, रात्री राहायला जातात. पोहता येते का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे विचारतो, तसेच ‘बंदूक आहे का, कुलपात आहे का’ हेही विचारायला हवे. आपल्याकडच्या भिडेला हे जड जाते. पण बालरोगतज्ज्ञ हा प्रश्न विचारायला सांगतात तो उगाच नाही.

ही सवलत रद्द करावी, असे मला वाटत नाही. ती 2027 च्या करवर्षापर्यंत आहे आणि मुदतवाढीच्या वेळी विधिमंडळापुढे किती अर्ज आले, किती रक्कम गेली, असे आकडे मांडले जातील. त्याच वेळी ज्यांनी कर भरलाच नाही त्यांच्यापर्यंत काय पोचले, हेही विचारले पाहिजे. दवाखान्यात डॉक्टरने समजावून सांगताना कुलूप हातात ठेवले, तर नुसत्या उपदेशापेक्षा अधिक घरांत ते लागते, असे अभ्यासांत दिसले आहे. त्या कुलपासाठी पावती लागत नाही आणि करसवलतीची वाटही पाहावी लागत नाही.