टेकडी रिकामी नाही, कामात आहे

वेताळ टेकडीच्या उतारावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढा, ही पुण्यातली जुनी मागणी. समर्थक म्हणतात: लॉ कॉलेज रस्त्याची कोंडी हजारो लोक रोज सोसतात, मूठभरांच्या फिरण्याच्या हौसेपायी त्यांना का अडकवायचे?

कोंडी खरी आहे. पण जेमतेम दोन किलोमीटरच्या या रस्त्याचे एक तोंड सेनापती बापट रस्त्यावर उघडणार, दुसरे पौड फाट्यावर. दोन्ही ठिकाणे आधीच तुंबलेली. म्हणजे कोंडी सुटणार नाही, फक्त जागा बदलेल. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूलही कोंडी फोडण्यासाठीच बांधला होता. मेट्रो आणि नव्या पुलासाठी तो २०२० मध्ये पाडावा लागला. चुकलेला पूल पाडता येतो, फोडलेला डोंगरउतार पुन्हा रचता येत नाही.

राहिली ‘मूठभरांची हौस’. टेकडीच्या भेगाळलेल्या काळ्या कातळातून मुरणारे पाणी पायथ्याच्या विहिरी-बोअरना पोचते. टेकडी कधीही न चढलेला माणूसही ते पितो. वर जायला तिकीट नाही. निवृत्त प्राध्यापकाच्या शेजारून पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा धावत जातो. हौसेला महागडे क्लब आहेतच. फुकटात दम काढायला टेकडीच लागते.

दुसरा पक्ष गोड बोलतो: रस्ता नको, सुशोभीकरण करू, पेव्हर ब्लॉक, दिवे, बाके. पण हे माळरान आहे, गवत आणि सालई, मोई, गणेर, पळस यांचे. पेव्हर ब्लॉकखाली पाणी मुरत नाही आणि रात्रीच्या दिव्यांनी तिथल्या जिवांचा अंधार जातो. सरसकट लावलेल्या गिरिपुष्पाने हिरवाईचा आभास केला, मूळ झाडोऱ्याला जागा ठेवली नाही.

तिसरा पक्ष आमच्याच गोटातला: हात लावू नका, निसर्ग पाहून घेईल. पायवाट मात्र माणसांच्या पायांनी पडते. पावसात तिचा ओहोळ होतो, चिखल चुकवत लोक कडेने चालतात, वाट रुंदावते, गवत मरते, माती वाहून जाते. यावर इलाज साधे आहेत. तिरके दगड रोवून पाणी बाजूला काढावे, आडवाटा काट्यांनी बुजवाव्यात, दुचाक्या रोखाव्यात, वणवा अडवायला गवत वाळण्याआधी जाळरेषा काढाव्यात.

पायवाटेसारखेच टेकड्यांवरचे आरक्षणही राखावे लागते. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानासाठी ९७८ हेक्टरचे आरक्षण २०१५ मध्ये मंजूर झाले. आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ मालकाला नोटीस देण्याचा हक्क देते. नंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षणच संपते. मालकांना खलनायक ठरवून भागणार नाही. मोबदला म्हणून देऊ केलेला आठ टक्के विकासहक्क त्यांना तुटपुंजा वाटतो, यात नवल नाही.

म्हणून मागणी दुहेरी हवी. महापालिकेने रास्त मोबदला देऊन जमिनी ताब्यात घ्याव्यात आणि पायवाटांच्या देखभालीची तरतूद दरवर्षी अंदाजपत्रकात करावी. आणि मोर्चाला जमणाऱ्या आपण सर्वांनी पावसाळ्याआधी कुदळ घेऊनही जमावे. ज्या जागेची निगा दिसते, तिला पडीक म्हणण्याची हिंमत कोणाला होत नाही.