ओट्याचा हिशेब आपणच करूया

घर बांधताना किंवा जुन्या घराचं काम काढताना सगळ्यात जास्त चर्चा होते ती ओट्याची. आजीची चूल जमिनीवर होती. आईच्या वेळी कडप्प्याचा काळा ओटा आला, मग ग्रॅनाइट आलं. आता तालुक्याच्या गावातल्या मार्बलच्या दुकानातही पांढराशुभ्र क्वार्ट्झ दिमाखात उभा असतो. ‘ताई, लाइफटाइम बघायला नको!’ असं दुकानदार म्हणतो आणि आपण भुलतो.

गंमत बघा, रंग पसंत करायला आपल्याला नेतात आणि दर ठरवायला ‘हे’ एकटे जातात. दिवसाचे चार-पाच तास ज्या ओट्याशी उभं राहायचं, त्याच्या पैशांचा हिशेब आपल्याला ठाऊक नसावा, हे काही पटत नाही.

दर चौरस फुटाचा सांगतात. समजा, ५०० रुपये सांगितला. ओटा दहा फूट लांब, दोन फूट रुंद, म्हणजे २० फूट. झाले १०,००० रुपये. पण लादी दहा बाय पाचची असली आणि दुकानदार ती अख्खीच विकत असला, तर ५० फुटांचे २५,००० मोजावे लागतात. शिवाय कडेच्या पॉलिशचे रनिंग फुटाने वेगळे, सिंकचं आणि शेगडीचं कटिंग वेगळं, वाहतूक, मजुरी आणि जीएसटी वेगळाच. म्हणून ‘फूट काय भाव?’ असं न विचारता ‘बसवून एकूण किती?’ असं विचारा आणि कागदावर लिहून घ्या. उरलेला तुकडाही आपलाच असतो. बाथरूममधल्या बेसिनखाली तो छान बसतो.

आता वस्तूबद्दल. क्वार्ट्झ हा खाणीतून कापून आणलेला दगड नव्हे. गारगोटीच्या जातीच्या दगडाचा चुरा, साधारण ९० टक्के, रेझिन आणि रंगात मिसळून कारखान्यात दाबलेली ती लादी असते. पाणी, तेल तिच्यात सहसा मुरत नाही, हा तिचा मोठा गुण. पण रेझिनला आच सोसत नाही. तापलेला तवा किंवा फोडणीची कढई थेट टेकवली तर डाग पडतो, कधी तडाही जातो. पांढऱ्या रंगावर हळद तर लगेच पुसावी लागते. ग्रॅनाइट आच सोसतं. कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू-चिंचेने त्यावर डाग पडतात. माझं मत विचाराल तर रोज भाकरी-फोडणीच्या घरात ओट्याला ग्रॅनाइट बरं. क्वार्ट्झची हौस बेसिनपाशी भागवावी. तिथे कढई येत नाही!

आणखी एक किंमत बिलात लिहिलेली नसते. क्वार्ट्झ कोरडा कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड वापरण्यावर बंदी घातली. बसवलेल्या ओट्यापासून आपल्याला धोका नाही, धोका आहे तो कापणाऱ्या मुलाला. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी असते, पण असते. म्हणून दगड कोणताही असो, कटिंग पाणी सोडूनच करा, असं ठणकावून सांगायचं. कारागिराच्या तोंडाला नुसता रुमाल असेल तर चांगला मास्क मागायचा. त्यासाठी शे-दोनशे जास्त गेले तरी कुरकुर नको.

शेवटचं, बिनपैशाचं. ओट्याची उंची आपल्या कोपरापासून चार-सहा इंच खाली धरा. माप गवंड्याच्या सवयीचं नको, आपल्या हाताचं हवं. नाहीतर महागाच्या दगडापुढे उभं राहूनही कंबर दुखायची ती दुखणारच!