दिन कमी करा, ऋतू शिकवा

ऑक्टोबर उजाडला की जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांच्या मोबाइलवर पत्रकांची रीघ लागते. 2 तारखेला गांधीजी आणि लालबहादूर शास्त्री यांची जयंती, त्याच आठवड्यात वन्यजीव सप्ताह, 11 ला आंतरराष्ट्रीय बालिका दिन, 15 ला डॉ. कलाम यांच्या जन्मदिनाचा वाचन प्रेरणा दिन आणि त्याच तारखेला जागतिक हात धुवा दिन, 31 ला राष्ट्रीय एकता दिवस. याच गर्दीत नवरात्र, दसरा, पहिल्या सत्राची संकलित चाचणी आणि दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतर शाळा सुरू होते न होते तोच बालदिन दारात उभा. यातला एकही दिवस वाईट नाही. सहा वर्षांच्या मुलाला नीट हात धुवायला शिकवणं तर अनेक धड्यांपेक्षा मोलाचं आहे. पण यातल्या बहुतेक दिवसांची तऱ्हा एकच असते: प्रतिमेला हार, दोन भाषणं, एक प्रतिज्ञा किंवा फेरी, फोटो, लिंकवर माहिती, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग जिथे होता तिथेच. प्राथमिक शाळेत शरद ऋतूतले उपक्रम कमी व्हावेत, असं माझं म्हणणं नाही. ते वाढावेत. मात्र ते एकेका दिवसाचे नसावेत. पाच-सहा आठवडे चालणारे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहायला लावणारे असावेत.

लहान मुलाला ऋतू कळतो तो बदलातून, आणि बदल एका दिवसात दिसत नाही. जूननंतर आपल्याकडे इतक्या झपाट्याने बदलणारा काळ हाच. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. पुढेमागे पंधरवड्यात आभाळ निवळतं, ऊन भाजायला लागतं, शाळेमागचं गवत पिवळं पडतं आणि पटांगणात शेपूट हलवत धोबी पक्षी हिंडू लागतात. हे सगळं वर्गाच्या दाराबाहेर फुकट उपलब्ध असतं. 23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समसमान होतात. तेव्हापासून पटांगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवली आणि दुपारी साडेबाराच्या आसपास तिची सावली पट्टीने मोजत गेलं, तर पुण्याच्या अक्षांशावर ती सुरुवातीला साधारण 33 सेंटिमीटर भरते. ऑक्टोबर संपताना तीच 60 च्या पुढे गेलेली असते. सूर्य दक्षिणेकडे सरकतो, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य एका ओळीत संपतं. इथे ते तिसरीच्या मुलीच्या वहीत रोज पाऊण सेंटिमीटरच्या हिशेबाने वाढत जातं. मोजमाप आलं, वजाबाकी आली, स्तंभालेख आला. ढगाळ दिवसाचा रकाना रिकामा राहतो आणि तो अंदाजाने न भरता रिकामाच ठेवायचा असतो, हेही आलं. ही शेवटची सवय मोठ्यांच्या कार्यालयांतही लागली असती तर बरं झालं असतं, पण तो विषय वेगळा.

दुसरं उदाहरण प्रत्येक गावात दिसणारं आहे. घटस्थापनेला घरोघरी परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती घालून धान्य पेरतात. नऊ दिवसांत ते तरारून वर येतं, पण देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढल्यामुळे पिवळसर राहतं. मुलांनी हे पाहिलेलं असतं. का, हे कुणी विचारलेलं नसतं. वर्गात दोन परड्या ठेवाव्यात, एक खिडकीत, दुसरी पालथ्या बादलीखाली. दोन्हींत मूग, गहू, हरभरा आणि ज्वारी. मूग सगळ्यांच्या आधी फुटतो, हे मुलं पहिल्या दोन दिवसांतच टिपतात. पाच-सहा दिवसांनी मात्र वर्ग बुचकळ्यात पडतो, कारण बादलीखालची रोपं खिडकीतल्या रोपांपेक्षा उंच निघतात. मुलांचा अंदाज उलटा असतो. उजेड मिळाला नाही तर रोप खुरटणार, असं त्यांना वाटलेलं असतं. उजेडाच्या शोधात रोप लांबत जातं, पण त्याचा देठ लेचापेचा राहतो आणि पान हिरवं होत नाही, हे उत्तर शिक्षकाने लगेच सांगून टाकलं तर उपक्रम तिथेच संपला. दोन दिवस कळ काढली, मुलांना भांडू दिलं, बादली काढून उजेडात ठेवल्यावर काय होतं ते पाहू दिलं, तर तिसरी-चौथीचा वर्ग प्रयोग म्हणजे काय ते शिकतो. एका दिवसाच्या कार्यक्रमात हे बसूच शकत नाही.

वरून येणाऱ्या एकसाची पत्रकाची आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्राचा शरद एक नाही. कोकणात भाताची कापणी आणि झोडणी चालू असते, मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन निघत असतं, कापसाची वेचणी सुरू होत असते, सोलापूरकडे रब्बी ज्वारीची पेरणी. मुंबईतल्या महापालिका शाळेतल्या मुलासाठी शरद म्हणजे झेंडूने भरलेला बाजार आणि फुलांचा दिवसागणिक बदलणारा भाव. दसऱ्याच्या आधी आठवडाभर तो भाव रोज फळ्यावर लिहिला, तर मागणी-पुरवठा हा शब्दही न उच्चारता तो शिकवून होतो.

विज्ञान आणि गणितापेक्षाही हा काळ भाषेसाठी श्रीमंत आहे, आणि तिकडे आपलं सर्वाधिक दुर्लक्ष आहे. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा, विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर चालणारी भुलाबाई. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. यातली कितीतरी गाणी साखळीसारखी लांबत जातात. माहेरी जायला निघालेल्या सुनेला आधी कारल्याचं बी लावायला सांगतात, मग ते उगवण्याची, मग वेल वाढण्याची, फूल येण्याची, कारलं लागण्याची वाट पाहायला लावतात. प्रत्येक कडव्यात जुनी ओळ थोडीशी बदलून पुन्हा येते. नुकतंच वाचायला शिकणाऱ्या मुलाला नेमकं असंच साहित्य लागतं: बरंचसं ओळखीचं, थोडंसं नवं, ताल असलेलं, आधीच तोंडपाठ. फळ्यावर गाणं लिहून बोट फिरवत म्हटलं की पाठ असलेला आवाज आणि दिसणारं अक्षर एकमेकांना भेटतात. खिरापत ओळखणं तर वर्णनाचा उत्तम तास आहे. गोड की तिखट, ओली की कोरडी, चमच्याने खायची की हाताने, असे प्रश्न मुलांना स्वतः तयार करावे लागतात. आणि हे फक्त मुलींचं राहू नये. फेर धरताना मुलगे बाजूला बसून टवाळी करतात, त्याला वर्ग जबाबदार असतो, परंपरा नव्हे.

आता यावरचे आक्षेप. पहिला सर्वांत वजनदार आहे: मुलांना वाचता येत नाही, आणि तुम्ही सावल्या मोजायला सांगता? 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी फक्त 23.4 टक्के निघाली. निपुण भारत अभियान 2021 पासून याच चिंतेतून चालू आहे आणि ती चिंता खरी आहे. मात्र अक्षरओळखीचा रोजचा तास बंद करा, असं कुणीच म्हणत नाही. तो व्हायलाच हवा. प्रश्न उरलेल्या वेळेचा आहे, आणि तो वेळ आज भाषणं ऐकण्यात जातो. वाचायला शिकण्यासाठी वाचण्याजोगं काही लागतं. स्वतःच्या परडीची नोंद, शेजारच्या गटाने लिहिलेली खिरापतीची कृती, आजीकडून ऐकून उतरवलेलं गाणं मूल जितक्या उत्सुकतेने वाचतं, तितक्या उत्सुकतेने सरावाची तक्ती वाचत नाही. शिवाय आपले नियमही याच बाजूचे आहेत. महाराष्ट्रात 2010 मध्ये आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला 70 टक्के आणि तिसरी-चौथीला 60 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आहे, आणि त्याच्या साधनांमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहे. प्रत्यक्षात सप्टेंबर सरता सरता बहुतेक वर्ग संकलित चाचणीच्या सरावपत्रिकांत बुडतात आणि आकारिकच्या नोंदी शेवटच्या दोन दिवसांत एका बैठकीत भरल्या जातात. सहा आठवडे चाललेला एक उपक्रम त्या नोंदींना खरा मजकूर पुरवील.

दुसरा आक्षेप धर्माचा. घट, भोंडला, पाटीपूजन हे सण एका धर्माचे. ते सरकारी वर्गात कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला झिडकारणं चूक आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं 28 वं कलम सांगतं, आणि वर्गात सगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात. त्याच वर्गातल्या बौद्ध मुलाच्या घरी विजयादशमी म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 चा नागपूरचा दीक्षासोहळा. त्याच्या घरचे त्या दिवसांत दीक्षाभूमीला जात असतील तर त्याचं प्रवासवर्णनही शरदाच्या वहीत यायला हवं. मोमीनपुऱ्यातली मुलगी झेंडूचा भाव लिहीलच, आणि तिच्या आजीकडेही सुगीच्या आठवणी असतीलच. आरती, नैवेद्य, पूजा वर्गाबाहेर ठेवावी. माती, बी, पान, गाणं, बाजार वर्गात आणावा. पाटीवर एकच्या आकड्यांनी काढायची सरस्वती हवी तर डावी-उजवी बाजू जुळवण्याचा नमुना म्हणून काढता येते आणि तसा दुसरा कोणताही नमुना मूल त्याच आकड्यांनी बनवू शकतं. आपट्याचं गळालेलं पान मधल्या शिरेवर घडी घालून दोन्ही भाग जुळतात का पाहावं, शेजारी कांचनाचं मोठं पान ठेवावं. सोनं म्हणून ओरबाडलेल्या फांद्या मग मुलांनाच खटकतात. सीमारेषा दर वेळी सोपी नसेल. तिथे शिक्षकाचा विवेकच कामी येणार.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तो मला सर्वांत न्याय्य वाटतो: दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग एकत्र, मतदार यादीचं काम, वर हे नवीन ओझं. म्हणूनच यात भर घालण्याआधी वजाबाकी हवी. बहुवर्गीय शाळेत तर एकच काठी सगळ्यांना पुरते. पहिलीचं मूल सावलीच्या टोकावर खडा ठेवतं, दुसरीचं मूल वितीने मोजतं, चौथीचं आलेख काढतं. फोटोची सक्ती मात्र गेली पाहिजे. फोटो काढायचा म्हटलं की उपक्रमाचा शेवट आधी ठरतो, आणि फसलेली परडी फोटोत येत नाही.

दिवाळीनंतर या वर्गांपैकी काही विरळ होतात, म्हणून हे आठवडे अधिकच मोलाचे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि हंगाम संपेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं आजी-आजोबांपाशी राहतात, तरी बरीचशी आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांच्या वाट्याला शाळेचं वर्ष म्हणजे जवळजवळ पहिलं सत्रच. त्यातला शेवटचा महिना चाचणीच्या सरावात आणि फेऱ्यांत घालवायचा का, हे ठरवायला पुण्यातल्या आयुक्तालयाची गरज नाही. केंद्रातल्या शाळांची दरमहा शिक्षण परिषद भरते. सप्टेंबरच्या परिषदेत एक तास याला द्यावा: आपल्या शिवारात काय निघणार आहे, टोळ्या कधी जाणार आहेत, कोणत्या घरातली आजी भुलाबाईची गाणी सांगेल, कोणती काठी कुठे रोवायची. आणि ऑक्टोबरात येणाऱ्या 'दिन' पत्रकांपैकी कोणते दोन-तीन आपल्या शाळांत मन लावून करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच परिषदेला लेखी मिळावा.