'मार्गे' हे 'व्हाया'चे भाषांतर नव्हे!

१/ गुजरातकडून येणाऱ्या अनेक गाड्या वसई रोडला वळून दिवा-पनवेलच्या दिशेने कोकणात उतरतात. त्यामुळे 'व्हाया वसई रोड' आपल्या कानांना सरावाचे आहे. सोबत एक समजही रुजला आहे : 'व्हाया' हा अस्सल शब्द आणि 'मार्गे' हे त्याचे ओढूनताणून केलेले सरकारी भाषांतर. हा समज साफ चुकीचा आहे.

२/ 'व्हाया' मुळात इंग्रजी नाहीच. लॅटिनमध्ये 'विआ' हे साधे स्त्रीलिंगी नाम आहे. अर्थ : वाट, रस्ता. इ.स.पू. ३१२ मध्ये रोमहून दक्षिणेकडे बांधायला घेतलेला 'विआ आप्पिआ' हा असाच एक रस्ता.

३/ मग नामाचे अव्यय कसे झाले? विभक्तीमुळे. लॅटिनमध्ये तृतीया वेगळी उरली नव्हती. तिचे काम पंचमी करी. 'विआ'चा अंत्य स्वर दीर्घ केला की अर्थ होई 'वाटेने'. इंग्रजीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तयार रूप उचलले.

४/ आता 'मार्गे' पाहा. नाम 'मार्ग', त्याची जुनी तृतीया 'मार्गें'. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला आणि 'मार्गे' राहिले. घडण तंतोतंत तीच! 'मार्गें' हे रूप संतवाङ्मयाच्या भाषेतले आहे; तेव्हा इंग्रजीत हे अव्यय जन्मलेही नव्हते. थोरल्याला धाकट्याचे भाषांतर कोणत्या न्यायाने म्हणावे?

५/ दुसऱ्या टोकाचे वीर म्हणतील, "लॅटिन संस्कृतातूनच निघाली!" तेही नाही. या दोन भाषा मायलेकी नव्हेत, एका कुळातल्या बहिणी आहेत. विभक्तींचे साम्य त्या कुळाचे आहे. आणि 'व्हाया' व मराठी 'वाया' यांचे नाते जुळवणे ही कोटी झाली, व्युत्पत्ती नव्हे.

६/ वसईला तर लॅटिन अपरिचित नव्हती. १५३४ मध्ये पोर्तुगीज सत्ता आली. पुढे १९६०च्या दशकापर्यंत येथील कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होई. उपवासकाळातील 'विआ क्रुचिस' या भक्तीला मराठी भाविक 'क्रुसाची वाट' म्हणतात. 'विआ' म्हणजे वाट, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

७/ 'व्हाया' खुशाल म्हणा. शब्द उसना घेण्यात कमीपणा नाही. पण स्वतःच्या घरचा शब्द उसना समजणे हे अज्ञान आहे, आणि अशाच अज्ञानातून 'मराठीत हे जमत नाही' ही तक्रार जन्मते. पुढच्या वेळी फलकावर 'वसई रोडमार्गे' दिसले, तर त्यातली तृतीया ओळखा.