सासरची भाषा, सरकारची परीक्षा



परदेशातलं स्थळ आता मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही. चिखली, मेहकर, खामगावकडच्या मुलींनाही ते सांगून येतं. आमच्या समुपदेशन केंद्रात मुलींच्या आया येतात तेव्हा पगार, घर, नोकरी सगळं विचारून झालेलं असतं. तिकडची भाषा मुलगी कधी शिकणार, कुणाच्या पैशानं, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

जर्मनीने २००७ पासून जोडीदाराकडे येणाऱ्याकडे व्हिसाआधीच प्राथमिक जर्मनचा दाखला मागायला सुरुवात केली. ब्रिटनने नोव्हेंबर २०१० पासून इंग्रजीचा. नागरिकत्व हवं तर याहून वरची परीक्षा. कायद्यात स्त्री-पुरुष भेद नाही, हे खरं. पण नोकरीसाठी आधी जातो तो बहुधा नवरा, आणि मागून परीक्षा देत जाते ती बायको. त्यातही वर्ग आहेच. जर्मनीत भारी पगाराचं ‘ब्लू कार्ड’ मिळालेल्याच्या बायकोला ही अट माफ. हॉटेलातल्या आचाऱ्याच्या बायकोला नाही. तिनं बुलढाण्याहून पुण्याला जाऊन शिकायचं, तर राहायचं कुठे?

ब्रिटनच्या नियमाला दोन ब्रिटिश स्त्रियांनी आव्हान दिलं होतं. त्यांना आपल्या नवऱ्यांना तिकडे न्यायचं होतं. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला नाही. पण ज्यांना शिकणं किंवा परीक्षेला पोचणंच अशक्यप्राय आहे, त्यांच्यावर तो अन्याय करू शकतो, असं बजावलं.

भाषा शिकूच नये असं मी म्हणत नाही. नवरा मारत असेल तर पोलिसांना सांगायला तीच लागते. म्हणूनच शिकवण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी. नापास झालेल्या बाईला नवऱ्याच्या कागदावर लटकत ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आपल्याकडे काय आहे? १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे देशीयकरणाने नागरिक होणाऱ्याला आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी आली पाहिजे. २२ पैकी कोणतीही, म्हणजे मराठीही. भारतीयाशी लग्न होऊन सात वर्षं इथे राहिलेल्यांना नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. तिथे भाषेची अट नाही.

पण यावर खूश होण्याआधी आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोदकडे बघा. तिथे निहाली बोलली जाते. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. ती आठव्या अनुसूचीत नाही, कोरकूही नाही. या बाया जन्मानेच नागरिक आहेत, त्यांना कुणी परीक्षा घेत नाही. तरी रेशनच्या खिडकीपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळा व्यवहार मराठीत. बाई अडखळली की हवालदार नवऱ्याला विचारतो, आणि तिची तक्रार त्याच्याच तोंडून लिहिली जाते. अनेकदा तो मारणाराच असतो!

राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाण्याचं निवेदन देता येतं. हे कलम आपण फारसं वापरलेलं नाही.

तेव्हा दोन कामं. लग्नाआधीच्या सल्ल्यात भाषेच्या परीक्षेचा प्रश्न प्रत्येक केंद्राने घालावा. आणि नोंदवहीत ‘तक्रार कोणत्या भाषेत सांगितली, दुभाषा कोण होतं’ असा एक रकाना वाढवावा. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या मैत्रिणींनी निहाली आणि कोरकू जाणणाऱ्या, दुभाषी म्हणून ठाण्यात यायला तयार असलेल्या बायांशी बोलून ठेवावं. त्यांच्या प्रवासखर्चाचं काय करायचं, ते पुढच्या बैठकीत ठरवू.