वरून कीर्तन, आतून तमाशा

जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींशी मला आज थोडं भांडायचं आहे. माझा पुतण्या त्यातलाच एक, तेव्हा घरातूनही बोलणी खावी लागतील. चालेल!

त्याच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी आमच्या पिढीला वेगळी सांगायला नको. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा सगळ्यांनी केवढे गळे काढले! अशी गाडी नवी करताना रंग, क्रोम, सीटकव्हर यांवर पैसा पाण्यासारखा जातो. वायरिंगची पाळी आली की मात्र, "काका, युनिव्हर्सल हार्नेस निम्म्या किमतीत मिळतो."

युनिव्हर्सल म्हणजे कुणाच्याच मापाचा नाही! आखूड पडला तिथे जोड द्यायचा, लांब झाला तिथे वेटोळं करून डॅशबोर्डमागे कोंबायचं. प्रत्येक जोड म्हणजे उद्याचा बिघाड. मराठीच्या मास्तराला यातलं काय कळतं, असं म्हणाल. पण गणित सातवीचंच आहे. १२ व्होल्टवर ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर घेतो, दोन दिवे १०. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या चार मीटर तारेत एवढ्या प्रवाहाला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जिरतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार घेतली तर १.४. तेवढ्याने दिव्याचा उजेड जवळजवळ एक तृतीयांश घटतो. मग आपले शहाणे काय करतात? १०० वॅटचे दिवे लावतात! तार आणखी तापते.

त्यात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून खपवली जाते. ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरं निघालं तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

फ्यूजचंही तसंच. तो उडतो म्हणून मोठा घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. अहो, फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी! बारीक तारेला मोठा फ्यूज लावला की तारच फ्यूज होते, आणि ती जळते पेट्रोलच्या गाडीत.

"गाडी वर्षातून दोनदा रॅलीला निघते, एवढं कशाला?" हा लाडका युक्तिवाद. उभ्या गाडीतच उंदीर वायर कुरतडतात, दमटपणाने टर्मिनलवर हिरवं चढतं, आणि बॅटरी जोडलेली असली की काही वायरींत वीज असतेच. दुसरा युक्तिवाद ओरिजनलपणाचा. जुनी वायर वरून धड दिसते, पण वाकवली की आवरण तडकतं. ते जपण्यात कसला आलाय इतिहास? जपायचाच तर वायरिंगचा नकाशा जपा आणि वायरींचे मूळ रंग जपा. रंग म्हणजे वायरिंगचं व्याकरण. सगळ्या वायरी काळ्या केल्यात, तर उद्याचा मेकॅनिक वाचणार काय?

तेव्हा हार्नेस घ्यायचा तो आपल्या मॉडेलचा आणि आपल्या सालाचा. डायनॅमोच्या गाडीचं चार्जिंगचं वायरिंग वेगळं, अल्टरनेटरच्या गाडीचं वेगळं. तयार मिळत नसेल तर जुना हार्नेस न कापता अख्खा काढावा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी, फळीवर पसरून त्याबरहुकूम नवा बांधून घ्यावा. टर्मिनल नीट दाबून बसवलेली हवीत, हेडलाइटला रिले हवा, इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी नवी हवी. नवा बसून सगळे दिवे लागेपर्यंत जुना भंगारात टाकू नये.

रंग उडाला तर गाडी कुरूप दिसेल, एवढंच. वायर पेटली तर मागच्या सीटवर आपली नातवंडं असतात.

दिवाळीत सगळे त्या पद्मिनीतून कुलदैवताला जायचं म्हणताहेत. युनिव्हर्सल हार्नेस बसवला असेल तर मी एसटीने येईन. तुमची मतं जरूर कळवा, विरोधातली आधी!